एक्केचाळीस नंबरचं पीप

३ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर ओळखूनही तू हे पाकीट फोडलंस, एवढ्या आधारावर पुढे लिहिते. चौदा वर्षांत माझी सहा पत्रं न उघडता परत आली. सातव्या वेळी टपालकचेरीतल्या माणसानं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मी तिकीट न लावताच घरी आले. मला दया सोसत नाही, हे तुला ठाऊक आहे.

लिहायचं कारण राग आहे. तुझ्यावरचा नव्हे.

काल सकाळी मालकांचा जावई माझ्या दारात उभा होता. दारूचा कारखाना आता तोच बघतो. नऊ वर्षांपूर्वी निरोपाच्या समारंभात यानंच मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात माझं आडनाव चुकवलं. काल मात्र, "बाई, तुमच्यासारखं नाक पुन्हा झालं नाही," अशी सुरुवात. मी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवलं. म्हटलं, माझं नाक साठाव्या वर्षी ठणठणीत होतं, मग त्याला घरी का बसवलंत? तो हसला. त्याचे दात फार पांढरे आहेत. मेहनत घेतलेले वाटतात.

त्याचं काम असं. तीन नंबरच्या गोदामात मागच्या भिंतीला एक विसरलेलं पीप सापडलं. चौदा वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की. ती त्याला कास्क स्ट्रेंग्थ विकायची आहे, म्हणजे पिपातून जशी निघेल तशी, पाणी घालून सौम्य न करता. एकाच पिपातल्या अशा व्हिस्कीसाठी हौशी लोक वर्षभर आधी नाव नोंदवतात म्हणे. बाटलीवर चवीचं वर्णन लागतं आणि खाली कुणाची तरी सही. माझ्या जागी आता एक नवी बाई आहे, पस्तिशीची, परदेशातून शिकून आलेली. तिनं एकदा चव घेतली आणि लिहायला नकार दिला. कारण सांगत नाही. म्हणून मी आठवले.

मी नाही म्हटलं. मग त्यानं पिपाचा नंबर सांगितला.

तुला तो माहीत असायचं कारण नाही. नवी काढलेली दारू पिपांत भरण्याआधी लाकडी टाकीत साठवतात. आमच्याकडे अशा दोन टाक्या होत्या. दुसऱ्या टाकीत तुझा नवरा गेला. त्यानंतर ती धुऊन घेतली, तिच्यातून एकच पीप भरलं, आणि मग कामगार तिला हात लावेनात म्हणून ती फोडली. ते पीप एक्केचाळीस नंबरचं.

मी येते म्हटलं.

जुना विषय उकरून काढायला हे लिहीत नाही. चौकशीत मला विचारलं, मी सांगितलं, की त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. त्यावर भरल्या खोलीत तू म्हणालीस, "तुझं नाक खोटं बोलतंय, ताई." ते तुझं शेवटचं वाक्य. मी काही ते विसरलेले नाही. फक्त त्या पिपाची गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हा खटाटोप.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र परत आलं नाही. पोचलं असं समजते.

काल जाऊन आले. टेस्टिंग रूमचा त्यांनी सत्यानाश केला आहे. भिंती काळ्या, दिवे पिवळे, खुर्च्यांना कातडं. कातड्याच्या वासात कुणी चव घेतं का? मी खिडक्या उघडायला लावल्या आणि खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. नियम मात्र अजून माझेच आहेत. चव सकाळी अकराला घ्यायची, पोट ना भरलेलं ना रिकामं. अत्तर लावायचं नाही. आणि ग्लास उचलल्यापासून सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, कारण एकानं 'संत्रं' म्हटलं की बाकीच्यांनाही संत्रंच लागतं. या एका नियमापायी मी एकतीस वर्षं माणसं रडवली. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत जेवताना गप्प बसायची शिस्त लावत ना, तशी.

आम्ही तिघं बसलो. जावई, नवी बाई आणि मी. नवी बाई मला आवडली. हात स्वच्छ, बोलणं कमी. तिनं ग्लासाकडे असं पाहिलं जसं आपण दारात आलेल्या अनोळखी कुत्र्याकडे पाहतो.

रंग जुन्या पितळेचा. ग्लास फिरवला तर दारू काठाला धरून राहते, उतरायला तयार नाही. वास घेतला. आधी मेण, मग संत्र्याची वाळलेली साल, करपलेली साखर, ओली गोणी. इथवर उत्तम. मग लवंग. ओकच्या लाकडातून लवंग येतेच, त्यात नवल नाही. मग खडू. पाटीवर घासलेला, कोरडा खडू. तो व्हिस्कीत येत नाही. मी एकतीस वर्षांत हजारो पिपं हुंगली, एकदाही आला नाही. मी ग्लास खाली ठेवला.

जावयानं घोट घेतला, गिळला, डोळे मिटले. आणि म्हणाला, "आहे."

अगदी साध्या आवाजात. आतल्या खोलीतून कुणी विचारावं, घरात आहात ना, आणि आपण हातातलं काम न सोडता सांगावं, तसं. मग डोळे उघडून आमच्याकडे पाहायला लागला. नियम मोडल्याबद्दल मी त्याला झापणार होते. तेवढ्यात नव्या बाईनं घोट घेतला. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता, आधीच, ठरवून. तरी बोटांच्या फटीतून शब्द आला. "आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणाली, "मला कुणी हाक मारलेली ऐकू येत नाही. पण उत्तर द्यावंसं वाटतं. बाई, दिलं नाही तर कुणाचं तरी वाईट होईल असं वाटतं."

तो शब्द कुठला, तुला सांगायला नको, पण सांगते. टाकी धुवायला एक माणूस आत उतरतो आणि दुसरा वर, झाकणाच्या तोंडाशी उभा राहतो. घासताना शिडी आड येते, म्हणून वरचा ती ओढून घेतो. आत वाफ दाटलेली असते. माणसाला गुंगी येते आणि ज्याला येते त्याला ती कळत नाही. म्हणून आतला थोड्या थोड्या वेळानं विचारतो, "आहात ना?" वरचा म्हणतो, "आहे." विचारणं थांबलं किंवा आवाज जड झाला, की शिडी सोडायची आणि माणसाला बाहेर घ्यायचं. ही आमची पद्धत. जावयाला ती माहीत नाही, कारण त्यानं कधी टाकीत डोकावलेलं नाही. नव्या बाईच्या आधीच टाक्या पोलादाच्या झाल्या आणि आपोआप धुतल्या जाऊ लागल्या.

मी गिळलं नाही. जिभेला लावलं आणि थुंकलं. सर्दी आहे म्हणून सांगितलं.

निघताना पिपांचा म्हातारा सुतार भेटला. तो एकटाच जुन्यातला उरला आहे. पिपाच्या लाकडातून दर वर्षी थोडी दारू उडून जातेच, चौदा वर्षांत चांगली वीतभर पातळी उतरते. या पिपातली बोटभरही उतरली नाही, असं तो म्हणाला. "बाई, हे पीप श्वास घेत नाही."

मी त्याला म्हटलं, म्हातारचळ लागला तुला.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

माझा संताप अनावर झाला आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

त्या जावयानं सहा बडी गिऱ्हाइकं बोलावली आणि त्यांना एक्केचाळीसची चव दिली. नवी बाई तिथं होती, तिनं मला येऊन सांगितलं. सहा माणसं, एकमेकांना न ओळखणारी. एकापाठोपाठ एक सहाही जण म्हणाले, "आहे." आणि मग हसू. जावई खूश. त्याच्या मते ही व्हिस्की माणसाला बोलतं करते, आणि हेच बाटलीवर छापायचं. खोक्याचं चित्रसुद्धा काढून झालं आहे. वर्णनाखाली माझी सही हवी, म्हणून नमुन्याची लहान बाटली माझ्याकडे पाठवली आहे, घरी निवांत चव घ्या म्हणून.

ती बाटली स्वयंपाकघरात ओट्यावर होती. काल दुपारी शेजारीण दळण ठेवायला आली. मी वास घेण्यासाठी बूच काढलेलं होतं. शेजारीण तुला माहीत नाही. देवभोळी, दारूच्या नावानं पदर नाकाला लावणारी. मी बाहेरच्या खोलीत चष्मा शोधत होते. आतून तिचा आवाज आला, "आहे, आहे." मी जाऊन पाहिलं तर ती ओट्याला पाठ लावून उभी. म्हणाली, "तुम्ही बोलावलंत ना?"

मी म्हटलं, हो.

दिवसाढवळ्या, दुपारी तीन वाजता, माझ्या स्वतःच्या घरात. ती गेल्यावर मी बूच घट्ट बसवून बाटली कपाटात टाकली. या वयात मला असले खेळ नकोत.

हे पीप दोनशेवर बाटल्यांत जाईल. बाटल्या दोनशे घरांत जातील. माहीत नसलेल्या गावी, माहीत नसलेली माणसं जेवायच्या टेबलावर बसून तुझ्या नवऱ्याला उत्तर देतील आणि हसतील. ते मी होऊ देणार नाही. पण नाही का म्हणते, हे सांगायला गेलं की बाकीचंही सांगावं लागतं. म्हणून आधी तुला.

त्या दिवशी दुसरा माणूस रजेवर होता. तुझ्या नवऱ्यानं मला विचारलं, ताई, अर्धा तास उभ्या राहाल का? मी उभी राहिले. टाकीच्या दाराशी पाटी असायची. आत कोण, वर कोण, खडूनं लिहायचं. त्यानं स्वतः माझं नाव लिहिलं, त्याच्या त्या शाळकरी अक्षरात. चौकशीत मी म्हटलं की तो कुणाला न सांगता एकटाच उतरला. ते खोटं होतं. वर मी होते. मग अकराला दहा मिनिटं असताना घंटा झाली. दूरचे खरेदीदार टेस्टिंग रूममध्ये बसले होते. मी त्याला वरून सांगितलं, आलेच. तो म्हणाला, या सावकाश.

मी गेले. शिडी वरच होती.

वासाचं पुढच्या पत्रात लिहीन. आज इतकंच जमतंय.

ताई


२ मार्च

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, एकच ओळ. "वास होता का?"

नव्हता.

तोंडाला लवंगेचा वास होता. त्याची दाढ दुखत होती, तो आठवडाभर लवंग धरत होता, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. हाताला खडूचा वास होता. कपड्यांना अर्थातच दारूचा, कारण तो टाकीत पडला होता. तोंडाला नव्हता. ज्या माणसानं आयुष्यभर दारूच्या गोदामात काम करून एक घोट घेतला नाही, त्याला मी मेल्यावर दारुडा केलं.

परत आले तेव्हा त्याची हालचाल नव्हती. मी आधी शिडी आत सोडली, म्हणजे तो स्वतः उतरला असं दिसावं. मग पाटीवरचं माझं नाव बाहीनं पुसलं. आणि मग ओरडले. क्रम लक्षात घे. मी तो चौदा वर्षं उलटा करून पाहिला, होत नाही.

लोकांनी मला का मानलं? कारण माझं नाक. शाळेत मदर रोज सकाळी दुधाची किटली माझ्यासमोर धरायच्या आणि मी मान हलवली तर सगळं दूध ओतून द्यायच्या. चौकशीच्या साहेबानंही तेच केलं. मी मान हलवली, त्यानं फाईल बंद केली. तुझ्या मुलीला शाळेत पोरं कुणाची मुलगी म्हणून चिडवायची, ते माझ्या कानावर आलं होतं. सहा वर्षांची होती. मी तेव्हा काय केलं असेल? तिला भेट म्हणून रंगांची पेटी पाठवली. ती तू परत केलीस. बरं केलंस.

सोमवारी मी चौकशीच्या कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. सगळं. खिडकीतल्या माणसाला वाटलं पेन्शनचं काही आहे. त्यानं वाचलं, मग उभा राहिला, मग पुन्हा बसला. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. ही तुझ्यासाठी नाही, तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. ही मुलीला दे.

तिथून कारखान्यात गेले. जावयानं वाचून कागद टेबलावर पालथा ठेवला.

"बाई, चौदा वर्षं झाली. आता कुणाला पडलंय?"

"त्याच्या बायकोला पडलंय. मुलीला पडलंय."

"आणि तुम्हाला? या वयात कोर्टकचेरी करायची आहे?"

"माझ्या वयाची काळजी तुम्ही निरोपाच्या दिवशीच करून मोकळे झालात. पीप विकायचं नाही."

तो म्हणाला, सही नसली तरी अडत नाही. पण बुधवारी कचेरीची माणसं आली आणि त्यांनी एक्केचाळीसच्या बुचावर लाख ओतून मोहोर लावली. आता चौकशी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. नवी बाई सांगत होती, मोहोर लावणारा शिपाई वाकलेला असताना काहीतरी पुटपुटला. काय पुटपुटला, तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला बोलावतील तेव्हा मी जाईन. वकील करणार नाही.


९ मार्च

तुझं दुसरं कार्ड आलं. "बाटली पाठव."

पाठवते. त्याआधी दोन गोष्टी आहेत. तुला त्या कळल्या नाहीत तरी चाललं असतं, पण अर्धवट जबाब देण्यात माझा हात फार बसला आहे आणि ती सवय मोडायची आहे.

काल अकराला मी स्वतः प्याले. नेहमीचा ग्लास, खिडकीजवळची खुर्ची. पाण्याचा थेंब न घालता पूर्ण घोट घेतला आणि गिळला. मनाची तयारी केली होती. ज्याला त्याला उत्तर द्यावंसं वाटतं, तिथं माझं काय होईल या भीतीनं आदल्या दिवसापासून अन्न गोड लागलं नव्हतं. छातीत जाळ उतरला, मग मेण, संत्र्याची साल, लवंग. लवंग कितीतरी वेळ. मी वाट पाहिली. दुसरा घोट घेतला. पुन्हा वाट पाहिली. ग्लासाच्या तळाशी उरलेला ओलावा सुकला, इतकी वाट पाहिली.

काही नाही. तोंडातून शब्द नाही, मनात ओढ नाही. अप्रतिम व्हिस्की होती. आयुष्यात याहून चांगली चाखलेली नाही. पण ती माझ्याशी बोलली नाही. जावयाला, शेजारणीला, सहा उपऱ्यांना तो विचारतो. मला विचारायचं त्यानं थांबवलं आहे.

आता दुसरी गोष्ट. टेस्टिंग रूमची भिंत टाकीच्या खोलीला लागून होती. आत ग्लास उचलले गेले होते, सगळे लिहीत होते. माझा नियम, अवाक्षर काढायचं नाही. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "आहात ना?"

मी ऐकलं, धाकटे. पहिल्याच वेळी ऐकलं.

एक शब्द तर द्यायचा होता. खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नसतं. पण चार खरेदीदार माझ्यासमोर बसले होते, आणि ज्या बाईनं शिंकणाऱ्याला बाहेर काढलं ती मध्येच कशी बोलणार? म्हटलं, हा एक ग्लास होऊ दे. तो पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. पाहुण्यांना वाटलं कामगार आपसांत बोलताहेत. आठ वेळा. मी मोजत होते, कारण मनात म्हणत होते की दहा झाले तर उठेन. त्याला पलीकडची वेळ माहीत होती, अकराची शांतता माहीत होती. म्हणून तो ओरडला नाही. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा हळू काढला. गुंगीनं हळू झाला की माझ्या नियमापायी, हे मला कधीच कळणार नाही. आठव्यानंतर शांतता झाली. मला बरं वाटलं. मी कागदावर 'संत्रं' लिहिलं.

हे त्या जबाबात नव्हतं. काल पुरवणी जोडून आले.

बाटली दोन डब्यांत, कापसात बांधली आहे. साधारण सहा घोट आहेत. पाणी घालू नकोस, पाण्यानं तो विरतो. मुलगी आता वीस वर्षांची आहे, तिला हवं असेल तर तिलाही दे. तिला त्याचा आवाज आठवत नसेल. आवाज येणारही नाही, फक्त कुणीतरी आपल्याला विचारतंय असं वाटेल, अगदी जवळून, काळजीनं.

जीभ भाजेल, डोळ्यांत पाणी येईल. ते पुसायला थांबू नकोस. लगेच उत्तर दे.